आप्पांचा वस्तरा

मोरीचं दार आतून लावलेलं होतं आणि आतून खस्स, खस्स असा आवाज येत होता. मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मी चहाचं आधण खाली उतरवलं आणि दारापाशी जाऊन उभी राहिले.

"आप्पा, काय करताय?"

आवाज थांबला.

"काही नाही."

"अंघोळ झाली का?"

"होईल. तू जा."

आमच्या कराडच्या त्या भाड्याच्या घरात मोरीला फळ्यांचं दार होतं आणि फळ्यांमधून बोट जाईल एवढी फट होती. बापाला असं चोरून पाहायला मला लाज वाटली, पण मी पाहिलं. आप्पा पाटावर बसले होते. समोर फरशीवर एक काळा, लांबट दगड होता, त्यावर पाणी ओतलेलं. हातात वस्तरा होता. तो त्यांनी उजेडाकडे धरला, पात्यावरून अंगठा हळूच आडवा फिरवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

मी मागे सरले.

आई जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. पाटणच्या घरात आप्पा एकटेच राहिले होते. भाऊ भिलाईला, त्याला रजा संपवून परत जावं लागलं. म्हणून मी आणि माझ्या यजमानांनी आप्पांना आमच्याकडे आणलं. मुलीच्या घरी राहायला ते तयारच नव्हते. "चार दिवस येतो," म्हणून आले होते. आले ते गालभर दाढी वाढवून. मी त्यांना जन्मात दाढीत पाहिलं नव्हतं.

आप्पा जमीन मोजणीच्या खात्यात होते. उभी नोकरी खेड्यापाड्यांत, डोंगरांत गेली. जिथे मुक्काम पडेल तिथे न्हावी मिळेलच असं नाही, म्हणून तरुणपणीच त्यांनी पुण्याहून एक विलायती वस्तरा आणला होता, काळ्या मुठीचा. रोज सकाळी चामड्याच्या पट्ट्यावर दोन्ही अंगांनी ओढायचा आणि दाढी करायची. पण दगडाला मात्र त्यांनी तो कधी लावला नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, तो कराडला दस्तगीर शिकलगाराकडे धार लावायला यायचा. आई कुणातरी ओळखीच्या माणसाबरोबर एसटीने पाठवायची. "धार लावणं हे ज्याचं काम त्यानंच करावं," असं आप्पाच म्हणायचे. "आपण हात घातला की पातं गेलंच म्हणून समजायचं."

आणि आता, दस्तगीरचं दुकान आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असताना, हा माणूस मोरीचं दार लावून स्वतःच वस्तरा घासत बसला होता. बरं, दाढी तर गालभर तशीच. मग ज्याला दाढी करायची नाही त्याला वस्तऱ्याला धार कशाला हवी?

चहा देताना मी विषय काढला.

"आप्पा, वस्तऱ्याला धार लावायची आहे ना? मी मंडईत जाताना दस्तगीरकडे टाकते."

त्यांनी बशीतून नजर वर केली नाही.

"राहू दे."

"अहो, संध्याकाळपर्यंत देईल लावून."

"म्हणूनच राहू दे."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मी शिकतोय."

"या वयात?"

"मग कोणत्या वयात शिकू, बेबी?"

ते हसले. पण ते हसू मला बरं वाटलं नाही. आई गेल्यापासून ते असंच हसायचे, तोंडाने. डोळे दुसरीकडेच असायचे.

शेजारच्या शेवंतावहिनी दुपारी विरजण मागायला आल्या. मी उगाचच बोलून गेले, की आप्पांचं मन कशात लागत नाही. त्या लगेच माझ्याजवळ सरकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझ्या चुलतसासऱ्यांचं असंच झालं हो. बायको गेली, महिनाभर सगळं ठीक. हसायचे, बोलायचे. एक दिवस विहिरीवर गेले ते गेलेच. घरातल्या कुणाला पत्ता नाही. लक्ष असू द्या."

त्या विरजण घेऊन गेल्या आणि माझी झोपही घेऊन गेल्या.

मग मला सगळ्यात तेच दिसायला लागलं. आप्पा रोज सकाळी मोरीत जात आणि दार लावून घेत. दगड आणि वस्तरा बाहेर आणताना पंच्यात गुंडाळून आणत, जणू चोरीचा माल. आपल्या ट्रंकेत तळाशी ठेवत आणि कुलूप लावत. किल्ली जानव्याला. मी खोलीत गेले की ते ट्रंक बंद करत. मी काही विचारलं की "काही नाही" म्हणत. जेवताना माझ्याकडे बघत, मी बघितलं की नजर वळवत.

एकदा संध्याकाळी हे ऑफिसमधून आल्यावर मी स्वयंपाकघरात त्यांना गाठलं. आप्पा फिरायला गेलेत असं मला वाटत होतं.

"तुम्ही काहीतरी करा," मी म्हटलं. "मला घरात राहवत नाही. रोज सकाळी जीव मुठीत धरून बसते."

"अगं, करमणूक असेल त्यांची. माणसाला काहीतरी उद्योग लागतो."

"असला उद्योग? मला धोक्याचं वाटतंय. इथे ठेवायलाच नको. सरळ पाठवून देऊ."

"त्यांना न विचारता?"

"विचारलं तर नाहीच म्हणतील. गुपचूप पाठवून देऊ, मग बघू काय म्हणतात ते."

चहाचा कप घेऊन यजमान बाहेरच्या खोलीत गेले आणि तिथूनच जरा मोठ्याने म्हणाले, "आप्पा, तुम्ही घरातच होय? मला वाटलं नदीवर गेलात."

आप्पा खिडकीशी बसले होते. "आज पाय दुखत होता," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं मनगटी घड्याळ काढून जावयापुढे धरलं. निवृत्त होताना कचेरीने दिलेलं घड्याळ होतं ते. झोपतानासुद्धा ते हातातून काढत नसत.

"सुधाकरराव, हे तुम्ही वापरा."

"अहो आप्पा, मला आहे की."

"असू दे. मला आता वेळ बघून कुठे जायचंय? तुम्ही दोघांनी फार केलंत माझं. कुणाला माझं ओझं व्हावं अशी इच्छा नाही."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचाही चेहरा उतरला होता. त्या दिवशी दुपारी आप्पांनी आपले धुतलेले कपडे दोरीवरून काढले, नीट घड्या घातल्या आणि ट्रंकेत भरले. आईचा फोटो भिंतीवर लावला होता तोही उतरवून कपड्यांच्या घडीत ठेवला.

मी ठरवलं. बस झालं.

सकाळी मोरीतून आल्यावर आप्पा अंघोळीनंतर जानवं बदलत होते. किल्ली खिडकीत काढून ठेवली होती. पूजा आटोपून ते नदीवर, प्रीतिसंगमाकडे फिरायला निघाले आणि किल्ली तिथेच राहिली. ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारात उभी राहिले. मग ट्रंक उघडली, वस्तरा काढला, पिशवीत टाकला आणि जवळजवळ पळतच दस्तगीरच्या दुकानी गेले.

दस्तगीरचाचा अडकित्त्याला धार लावत होते. आप्पांचं नाव सांगितल्यावर त्यांनी चाक थांबवलं.

"मोजणीदारसाहेब? कुठं असतात हल्ली? यंदा वस्तरा आला नाही, म्हटलं काय झालं."

मी आईचं सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. मग हात पुसून वस्तरा घेतला, उघडला आणि पातं दाराच्या उजेडात तिरपं धरलं. एकदम त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे कुणी केलं?"

"काय?"

"ताई, ही धार झिजलेली नाही. मारलेली आहे. हे बघा, इथनं इथपर्यंत. खडबडीत दगडावर आपटून घासलंय कुणीतरी. करवत केली होती पार. चुकून होत नाही असं. राग काढल्यासारखं मुद्दाम केलंय."

मला काही सुधरेना. "घरी दगडावर घासत असतात हल्ली आप्पा. धार लावतात म्हणे. त्यानेच झालं असेल."

"नाही, नाही. ते निराळं." त्यांनी बोट पात्याच्या टोकाकडे नेलं. "ते इकडं दिसतंय. खांडं काढत आणलीत हळूहळू. हात नवशिका आहे, पातं जरा उचललं जातंय, पण चिकाटी आहे. निम्मं पातं सरळ झालंय. म्हणजे आधी कुणीतरी मोडली आणि आता कुणीतरी जोडतंय."

कुणी मोडली? माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते यजमानांचं नाव. घाबरून, मला न सांगता, त्यांनीच तर नसेल? पण ट्रंकेची किल्ली त्यांना कुठून मिळणार?

"लावून ठेवू का? दुपारी न्या," दस्तगीरचाचा म्हणाले.

"नको. धार लावू नका."

"मग?"

"राहू दे तुमच्याकडे. घाई नाही. आप्पा आले तरी... देऊ नका."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आता त्यांनाही माझा संशय यायला लागला असावा.

"धार लावायची नाही, परत द्यायचा नाही. मग आणलात कशाला, ताई?"

मी दुकानाची पायरी उतरले.

घरी आले तर आप्पा माझ्या आधी पोहोचले होते. किल्ली विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परतले होते. ट्रंक उघडी होती, कपडे जमिनीवर, आणि ते मध्येच पाटावर बसले होते.

"बेबी, माझ्या ट्रंकेला हात कुणी लावला?"

"मी."

"वस्तरा कुठंय?"

"पाठवला."

"कुठं?"

"धार लावायला."

"खोटं बोलू नकोस." त्यांचा आवाज चढला. लहानपणानंतर तो आवाज मी ऐकला नव्हता. "आधी वस्तरा, मग ट्रंक, मग मी. असंच ना? गुपचूप पाठवून द्यायचं ठरवलंय तुम्ही दोघांनी. ऐकलंय मी माझ्या कानांनी. अगं, मला सरळ सांगितलं असतंस तर मी स्वतः गाडीत बसलो असतो. भिलाईला जायला मला काय मुहूर्त लागतो? बांधाबांध करून बसलोय मी. घड्याळसुद्धा देऊन टाकलं, म्हटलं जाताना जावयाला काहीतरी द्यावं."

मला स्वयंपाकघरातलं ते बोलणं आठवलं.

"आप्पा, ते तुमच्याबद्दल नव्हतं. तुम्हाला कशाला पाठवू? वस्तऱ्याला पाठवायचं म्हणत होते मी!"

"वस्तऱ्याला? त्यात गुपचूप काय? आणि धोक्याचं काय?"

आता मागे फिरायला जागा नव्हती. मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले.

"मला भीती वाटते, आप्पा. दाढी करत नाही, मोरीचं दार लावता, वस्तऱ्याला धार लावता. आई गेल्यापासून मला वाटतं, तुम्ही जिवाचं काही बरंवाईट करून घ्याल."

बोलून झालं आणि मी डोळे मिटून घेतले. वाटलं, आता ते ओरडतील, नाहीतर हसतील. दोन्ही झालं नाही. मी डोळे उघडले. आप्पा दाढीवरून हात फिरवत खिडकीबाहेर बघत होते.

"उशीर केलास विचारायला," ते म्हणाले.

मी त्यांच्या पायाशी सरकले.

"तू घाबरतेस ते खोटं नाही. फक्त ते आता नाही, तेव्हाचं आहे. तिचे दिवस झाले. तू आलीस कराडला, दादा गेला भिलाईला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढीला बसलो. तुला ठाऊक आहे, मला सुतक संपलं की दाढी लागते. गाल झाले. हनुवटी झाली. हात गळ्यावर आला आणि थांबला. आरशात मी मला बघत होतो आणि हात पुढे जाईना, मागेही येईना. किती वेळ, देव जाणे. बाहेर दूधवाल्याने हाक मारली म्हणून भानावर आलो."

"आप्पा..."

"ऐक. मला माझ्याच हाताचा भरवसा वाटेनासा झाला. मी तसाच, साबण तोंडाला, परसात गेलो. तुझ्या आईचा धुण्याचा दगड आहे ना, त्याच्यावर तो वस्तरा आपटला. दोन्ही अंगांनी घासला. भाकरीसुद्धा कापली नसती, असा करून टाकला. मग बसून रडलो. तिच्यासाठी नव्हे. एवढी वर्षं जपलेली वस्तू नासली म्हणून रडलो, असंच वाटलं तेव्हा."

"मग फेकून का नाही दिलात?"

"हात होईना."

"आणि आता परत धार? कशाला, आप्पा? दाढी करायची तर कोपऱ्यावर सलून आहे."

"सलूनमध्ये दाढी होईल. हाताचं काय?" त्यांनी आपले दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवले. बोटांच्या पेरांवर दगडाचं काळं बसलं होतं. "दस्तगीरकडे दिला असता तर संध्याकाळपर्यंत धार आली असती. तूच म्हणालीस. मला संध्याकाळपर्यंत नको होती, बेबी. मी रोज थोडी आणतोय. जेवढी मला झेपेल तेवढी. एके दिवशी वाटलं की आज नको, तर दगडाला पाणीच लावलं नाही. दार लावायचो ते तुम्ही बघू नये म्हणून. काय सांगणार होतो? आणि दस्तगीरकडे गेलो असतो तर त्याने पातं बघून पहिला प्रश्न तोच विचारला असता."

"विचारला," मी म्हटलं.

मग मात्र माझा बांध फुटला. आप्पा माझ्या डोक्यावर थोपटत राहिले. त्यांनी मला "रडू नको" म्हटलं नाही.

खरं सांगायचं तर माझी शंका पुरती फिटली नव्हती. माणूस खरं बोलतोय हे कळूनही आतून काही सैल होत नाही, तसं झालं. संध्याकाळी यजमान आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं घड्याळ काढून आप्पांच्या मनगटावर बांधलं आणि मला म्हणाले, "वस्तरा आणायला तूच त्यांच्याबरोबर जा. मी गेलो तर वेगळं दिसेल."

मी आणि आप्पा दस्तगीरच्या दुकानी गेलो. दोघांनी एकमेकांना पाहिलं. दस्तगीरचाचांनी फळीवरून वस्तरा काढला आणि आप्पांच्या हातात दिला.

"लावली नाही मी धार. ताई नको म्हणाल्या, आणि मलाही दुसऱ्याच्या कामात मध्येच हात घालणं बरं वाटलं नाही. पण साहेब, वळवताना पातं उचलताय तुम्ही. पाठीवर वळवायचं. पाठ दगडावरून उठता कामा नये."

"असं?" आप्पांनी हवेतच हात फिरवून दाखवला.

"असं. आणि दाबू नका. दगडाला त्याचं काम करू द्या."

कुणी मोडली, का मोडली, हे त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर आप्पा मोरीऐवजी मागच्या पायरीवर बसायला लागले. मी तांदूळ निवडायला, भाजी चिरायला तिथेच बसे. ते जाणून होते की मी राखण करते आहे. कधी पातं माझ्यापुढे धरत आणि म्हणत, "बघ, इथे चमकतंय का?" मला काही दिसत नसे. मी "हो" म्हणे.

मग एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आधी कात्रीने दाढी बारीक केलेली. खांद्यावर पंचा.

"बेबी, वाटीभर पाणी गरम कर."

मी पाणी दिलं. त्यांनी मागच्या खोलीत खिडकीला आरसा टेकवला, पट्टा खिळ्याला अडकवला आणि वस्तरा त्यावर ओढायला लागले. मी स्वयंपाकघरात परत आले. तव्यावर भाकरी टाकली. यजमान वर्तमानपत्र उघडून बसले होते, पण पान उलटत नव्हते. पट्ट्याचा आवाज थांबला. मग बारीक, कोरडा असा खरखर आवाज सुरू झाला. थोडा वेळ चालला. आणि थांबला.

मी वाट बघितली. पुन्हा सुरू होईना.

यजमान अर्धवट उठले. मी हाताने त्यांना थांबवलं. का थांबवलं ते मला अजून सांगता येणार नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, तिचा वास येत होता, आणि मला ती उलटायचं सुचत नव्हतं. आत जावं तर त्यांच्यावर विश्वास नाही असं होईल. न जावं तर... मी तव्याची कड पकडली, हात भाजला, तेही नंतर कळलं.

"ओढतंय!"

आप्पा दारात उभे होते. डावा गाल स्वच्छ, गुळगुळीत, हनुवटीच्या मध्यावर रक्ताचा एक लहानसा ठिपका. उजव्या बाजूला दाढी जशीच्या तशी, तिच्यावर साबणाचा फेस. चेहऱ्यावर रागच राग.

"निम्म्यात केस ओढायला लागलं बघ. म्हणजे मुठीकडची धार अजून आली नाही. दस्तगीर म्हणत होता ते खरं, मी तिथे दाबतोय. माझा दगड कुठे ठेवलास?"

यजमानांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. कागद थरथरत होता.

"सुधाकरराव, हसायला काय झालं?"

"छे, छे. आप्पा, सलूनमध्ये जाऊन उरलेली तरी..."

"मुळीच नाही. ही मीच करणार."

मी हसायला लागले आणि मला थांबता येईना. भाकरी कोळसा झाली होती. आप्पा आमच्या दोघांकडे बघत राहिले आणि मग त्यांच्याही तोंडाचा कोपरा, साबण नसलेल्या बाजूचा, वर गेला.

तो अख्खा दिवस ते अर्ध्या दाढीने घरभर वावरले. मागच्या पायरीवर दगड, पाणी, पुन्हा दगड. दुपारी शेवंतावहिनी विरजणाची वाटी परत द्यायला आल्या, आप्पांना पाहून दारातच थबकल्या आणि माझ्याकडे घाबरून बघायला लागल्या.

आप्पांनी मान वर केली नाही.

"बसा वहिनी," ते म्हणाले. "अजून काम चालू आहे."